वॉलिंगफर्ड

वॉलिंगफर्ड : इंग्लंडमधील टेम्स नदीकाठचे बाजारपेठेचे जुने नगर. ऑक्सफर्डच्या आग्नेयीस सु. २० किमी.वर, नदीच्या पश्चिम तीरावर वसले आहे. १९७४ पर्यंत ते बर्कशर परगण्यात मोडे. आता ऑक्सफर्डशरमध्ये आहे.

तीन बाजूंना मातीचा तट व खंदक, चौथीकडे नदी आणि आत काटकोनात छेदणारे रस्ते, अशी रचना पाहून जुन्या लेखकांनी हे नगर रोमन ठरविले. विल्यम कॅमडेनने रोमनांचे कॅलेव्हा ते हेच, असे मानले. कॅलेव्हा सिल्चेस्टरला होते, हे पुढे सिद्ध झाले. येथे रोमन वस्तू सापडल्या असल्या, तरी तटबंद रोमन नगराचा पुरावा नाही. डेन लोकांच्या स्वाऱ्यांविरुद्ध वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाने (कार. ८७१–९९) उभारलेल्या दुर्गनगरांपैकी हे एक, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘बर्गल हायडेज’ या दुर्गनगरांच्या यादीत वॉलिंगफर्डच्या रक्षणासाठी २,४०० हाइड (जमीन मोजण्याचे जुने एकक) जमीन लावली आहे. विंचेस्टरलाही तेवढीच आहे. यादी बहुधा दहाव्या शतकाच्या आरंभीची. काही अभ्यासक तिला आणखी मागे नेतात. दर हाइडमागे एक माणूस आणि दर साडेपाच यार्ड तटाला चार माणसे, या तिच्यातील सूत्राने तटाची लांबी ३,३०० यार्ड (सु. ३ किमी.) निघते. विंचेस्टरला हा हिशेब चांगला जुळतो. येथे मात्र नदीकडची बाजू धरायची की नाही, हे ठरल्याशिवाय ताळा पडत नाही. तटाच्या आतील किनक्रॉफ्ट व बुलक्रॉफ्ट ही मोकळी मैदाने आजही आहेत.

विजेत्या विल्यमने १०६६ मध्ये येथेच टेम्स ओलांडली. लवकरच किल्ला उठला. इंग्लंडच्या गादीसाठी स्टीफन व मटिल्डा यांच्यात झालेल्या यादवीत तो मटिल्डाच्या पक्षाने अखेरपर्यंत राखला. तिचा मुलगा दुसरा हेन्री याने ११५५ मध्ये नगराला सनद दिली. पुढे प्लेगने वस्ती घटली आणि १४१६ मध्ये ॲबिंगडनला पूल झाल्यावर रहदारी तिकडे वळली. राजा व पार्लमेंट यांच्यातील यादवीत राजनिष्ठांनी १६४६ पर्यंत लढविलेला किल्ला १६५२ मध्ये पाडण्यात आला. खांबांवर उभी नगरसभेची इमारत १६७० ची आहे. विधिज्ञ विल्यम ब्लॅकस्टनची कबर सेंट पीटर चर्चमध्ये आहे. १८०९ च्या पुरामुळे दगडी पुलाच्या काही कमानी नव्याने बांधाव्या लागल्या. रेल्वे १८६६ मध्ये आली. तिची प्रवासी वाहतूक १९५९ मध्ये बंद झाली. आठवडे बाजार शुक्रवारी भरतो.