वाइल्डकॅट की हेलकॅट? आधी चाकं कुठे जातात ते बघा

विमानाचं प्लास्टिक मॉडेल जोडायच्या जुन्या किटचा खोका हातात येतो. वरच्या चित्रात निळं, आखूड, गोल नाकाचं लढाऊ विमान असतं आणि पुसट झालेल्या अक्षरांतून 'ग्रुमन' एवढंच वाचता येतं. इथे हमखास घोळ होतो, कारण ग्रुमन या अमेरिकन कंपनीची वाइल्डकॅट आणि हेलकॅट ही दोन्ही विमानं दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकन नौदलाची, विमानवाहू नौकांवरून उडणारी. दोन्हींच्या पंखांची टोकं कापल्यासारखी चौकोनी, दोन्हींचे पंख मागे दुमडणारे, आणि नावंही मिळतीजुळती. आकारावरून ठरवायचं तर दोन्ही शेजारी ठेवावी लागतात: १/७२ मापात (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये) वाइल्डकॅटचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे १६ सेंटिमीटर, हेलकॅटचे १८. चाकांवरून मात्र लगेच कळतं. शिवाय चाकांचा मामला नीट समजला की किट कुठल्या क्रमाने जोडायचं तेही ठरतं.

वाइल्डकॅटची चाकं धडात जातात. इंजिनाच्या मागे, धडाच्या दोन्ही बाजूंना खोबणी असते आणि उचललेलं चाक तिथे उभं, बाहेरची बाजू धडाशी समतल ठेवून बसतं. ग्रुमनची आधीची दोन पंखी, म्हणजे एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असलेली विमानंही अशीच होती. वाइल्डकॅटचा पहिला आराखडासुद्धा दोन पंखीच होता, तो बदलून एक पंखी केला आणि २ सप्टेंबर १९३७ रोजी त्याचा नमुना पहिल्यांदा उडाला. चाकं पोटात असल्यामुळे पंख धडाच्या मधोमध बसले, धड फुगीर झालं आणि दोन चाकांमधलं अंतर कमी राहिलं. चाकं उचलायला हायड्रॉलिक यंत्रणा नव्हती. वैमानिकाने उजव्या हाताने हँडल सुमारे ३० वेळा फिरवायचं, तेव्हा साखळीने चाकं वर यायची. तोवर विमान चालवायचा दांडा डाव्या हातात, त्यामुळे उड्डाण केल्यावर थोडा वेळ विमान वरखाली हेलकावे खात जायचं.

हेलकॅटची चाकं पंखात जातात. पाय मागे दुमडताना ९० अंशांत वळतो आणि चाक पंखात आडवं झोपतं. त्यामुळे पंख धडाच्या खालच्या बाजूला आले, दोन चाकांमध्ये भरपूर अंतर मिळालं आणि हलत्या डेकवर आदळत उतरणाऱ्या वैमानिकाला भक्कम आधार मिळाला. विमान ओळखताना मी पंखाची जागाही बघतो: धडाच्या मध्यावर असेल तर वाइल्डकॅट, खाली असेल तर हेलकॅट.

जोडणीत हा फरक फार जाणवतो. वाइल्डकॅटच्या बऱ्याच जुन्या किटांत चाकांच्या खोबणीचे भाग धडाचे दोन अर्धे चिकटवण्याआधीच आत बसवावे लागतात. म्हणजे काडीसारखे बारीक स्ट्रट (चाकांचे दांडे) बाहेर डोकावत असतानाच जोड घासायचा आणि रंग द्यायचा. अशा वेळी एखादा स्ट्रट मोडतोच. म्हणून स्ट्रटची टोकं खोबणीत न चिकटवता कोरडी बसवून बघावीत. ती नंतर बाहेरून सरकवता येतात असं दिसलं, तर चाकं शेवटी लावावीत. हेलकॅटमध्ये ही कटकट नाही. सगळं विमान रंगवून झालं की पाय पंखाच्या भोकात बसवायचे. तिथे लक्ष द्यायचं ते पंखाच्या कोनाकडे. हेलकॅटच्या पंखाचा मधला भाग सपाट असतो आणि बाहेरचे भाग वर उचललेले असतात. वाइल्डकॅटचा पंख मुळापासूनच वर जातो. जुन्या किटांतली खाच सैल असते. गोंद सुकेपर्यंत टेकू दिला नाही तर एक पंख खाली झुकतो आणि मग कितीही सुंदर रंगवा, नजर तिथेच जाते.

हेलकॅटबद्दलचा एक गैरसमज इथे दूर करायला हवा. जपानी झिरो विमान अमेरिकनांच्या हाती लागलं, त्याचा अभ्यास केला आणि त्यावरून हेलकॅट घडवलं, असं पुष्कळदा सांगितलं जातं. तारखा जुळत नाहीत. अलास्कातल्या अकुटान बेटावर पडलेलं झिरो सापडलं जुलै १९४२ मध्ये. हेलकॅटच्या नमुन्याचा करार जून १९४१ चा आहे आणि पहिलं उड्डाण २६ जून १९४२ चं. झिरोशी लढून आलेल्या वैमानिकांच्या अनुभवाचा हेलकॅटला उपयोग झाला हे खरं, पण त्या एका विमानातून ते जन्मलं नाही. पहिल्या नमुन्यात राइटचं इंजिन होतं. प्रॅट अँड व्हिटनीचं २००० अश्वशक्तीचं इंजिन बसवलेला नमुना ३० जुलैला उडाला आणि पुढे हेच इंजिन कायम झालं.

इंजिनाकडे वळतो, कारण किट नेमक्या कुठल्या उपप्रकाराचं आहे ते नाकात समोरून डोकावलं की कळतं. एफ४एफ-४ या वाइल्डकॅटमध्ये १४ सिलिंडर, सातच्या दोन रांगा. हेलकॅटमध्ये १८, नऊच्या दोन रांगा. म्हणजे पुढच्या रांगेत सात दिसले तर वाइल्डकॅट. नऊ दिसले तर लगेच हेलकॅट म्हणू नका, कारण एफएम-२ नावाचं तिसरं विमान मध्ये येतं.

ग्रुमनने आपला कारखाना हेलकॅटसाठी मोकळा केला आणि वाइल्डकॅट बनवायचं काम जनरल मोटर्सच्या ईस्टर्न एअरक्राफ्ट विभागाकडे गेलं. छोट्या एस्कॉर्ट विमानवाहू नौकांच्या आखूड डेकवर जड हेलकॅटपेक्षा हलकं वाइल्डकॅट सोयीचं होतं, म्हणून ते युद्ध संपेपर्यंत बनत राहिलं. एफएम-२ मध्ये राइटचं नऊ सिलिंडरचं एकाच रांगेचं इंजिन आहे. सिलिंडरांमधल्या फटीतून मागची रांग दिसली तर हेलकॅट, नाही दिसली तर एफएम-२. ताकद वाढल्यामुळे एफएम-२ ची उभी शेपूट उंच केली, काउलिंगच्या (इंजिनाभोवतीच्या आवरणाच्या) वरच्या ओठातला हवेचा झरोका गेला आणि मशीनगन सहाच्या चार झाल्या. ब्रिटिश नौदलात याच विमानाला वाइल्डकॅट सहा म्हणत, आणि एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीचं जुनं १/७२ किट याच प्रकाराचं आहे. त्यातून जून १९४२ च्या मिडवेच्या लढाईतलं विमान करायला गेलात तर शेपूट, काउलिंग आणि मशीनगन तिन्ही चुकतील. ते किट आहे तसंच, १९४४-४५ चं विमान म्हणून करावं असं माझं ठाम मत आहे.

पंख दुमडलेले दाखवायचा मोह दोन्हींत होतो. कंपनीचे संस्थापक लीरॉय ग्रुमन यांनी एक खोडरबर आणि दोन उघडलेल्या पेपरक्लिप घेऊन ही बिजागरी शोधली. क्लिप एका विशिष्ट तिरक्या कोनात खुपसली की 'पंख' वळत वळत धडाच्या बाजूला जाऊन लागतो. घरी करून बघा, कोन समजायला याहून सोपा मार्ग नाही. दुमडलेल्या पंखाची पुढची धार खाली आणि वरचा पृष्ठभाग बाहेर येतो. मॉडेलमध्ये हे उलट लावलेलं सर्रास दिसतं. सुरुवातीच्या एफ४एफ-३ चे पंख मात्र दुमडत नव्हते. अमेरिकन नौदलाचे वैमानिक बुच ओ'हेअर यांनी २० फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीला जवळपास एकट्याने तोंड दिलं ते एफ४एफ-३ मधूनच. पाच विमानं पाडल्याचं श्रेय आणि मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान त्यांना मिळालं. नोव्हेंबर १९४३ मध्ये रात्रीच्या मोहिमेवर ते बेपत्ता झाले, तेव्हा ते हेलकॅट चालवत होते.

जुन्या किटांच्या उठावदार रेषा आणि रिव्हेट घासून टाकायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पटत नाही. त्या काळच्या साच्याची ती ओळख आहे. जोडाच्या दोन्ही बाजूंना टेप लावून मधलीच पट्टी घासली तर बहुतेक रेषा वाचतात.

डीकल, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर लावायची छापील चिन्हं, पिवळे पडले असतील तर शीट खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवावी, पिवळेपणा पुष्कळ उतरतो. नको असलेला एखादा डीकल आधी पाण्यात टाकून बघावा. त्याचे तुकडे झाले तर उरलेल्या शीटवर पारदर्शक वॉर्निश मारावं, आणि सुकल्यावर प्रत्येक चिन्ह कडेला लागून वेगळं कापावं, कारण वॉर्निशने सगळी शीट एकसंध होते.

डीकल लावण्याआधी तारीखही तपासा. अमेरिकन विमानांवरच्या पांढऱ्या ताऱ्यातला लाल ठिपका मे १९४२ मध्ये काढला, जपानी चिन्हाशी गल्लत होत होती म्हणून. त्याच सुमारास शेपटीवरचे लाल-पांढरे पट्टेही गेले. ताऱ्याच्या दोन बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आल्या त्या जून १९४३ मध्ये, लाल किनारीसह, आणि काही आठवड्यांतच ती किनार निळी झाली. हेलकॅट पहिल्यांदा लढलं ते ऑगस्ट १९४३ च्या अखेरीस, मार्कस बेटावरच्या हल्ल्यात. म्हणून लाल ठिपक्याचा तारा असलेलं हेलकॅट चूकच. जून १९४२ च्या मिडवेचं वाइल्डकॅट करत असाल तर निळ्या वर्तुळात साधा पांढरा तारा, ठिपका नाही आणि पट्ट्याही नाहीत.