मर्चिसनचा दगड आणि सिरिल पोन्नंपेरुमा

बडोद्यात जीवसृष्टीच्या रासायनिक उगमाचा विषय निघाला की बोलणे बहुधा व्यंकटरामन रामकृष्णन यांच्यापासून सुरू होते, आणि ते साहजिकही आहे. त्यांचे वडील सी. व्ही. रामकृष्णन यांनी १९५५ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचा विभाग उभा केला. चिरंजीव १९७१ साली त्याच विद्यापीठातून भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले आणि पेशीत प्रथिने घडवणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले. रायबोसोममध्ये अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, एकमेकांना जोडली जातात ती मोक्याची जागा प्रथिनाची नसून आरएनएची, म्हणजे डीएनएच्या जातकुळीतल्या रेणूची, आहे, हे २००० साली दिसून आल्यावर आरएनएचा कारभार प्रथिनांच्या आधीचा असावा या तर्काला मोठे बळ मिळाले. मात्र त्या आरएनएचे घटक निर्जीव पृथ्वीवर आले कोठून, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो प्रश्न ज्यांनी आयुष्यभर प्रयोगशाळेत लावून धरला, त्यांपैकी एक आपल्या शेजारच्या श्रीलंकेतले होते. दांडिया बाजार वा रावपुऱ्यातल्या मराठी घरांतील मुलांना मिलरचा ठिणगीचा प्रयोग पाठ्यपुस्तकातून ठाऊक असतो. सिरिल पोन्नंपेरुमा हे नाव मात्र सहसा त्यांच्या कानावरून गेलेले नसते.

पोन्नंपेरुमा यांचा जन्म १९२३ चा, गॉल शहरातला. मद्रास विद्यापीठातून त्यांनी १९४८ मध्ये पदवी घेतली ती तत्त्वज्ञानाची. रसायनशास्त्राकडे ते लंडनच्या बर्कबेक कॉलेजात वळले, जेथे जे. डी. बर्नाल जीवोत्पत्तीचा विचार भौतिक आणि रासायनिक अंगाने मांडत होते. पुढे बर्कली येथे मेल्विन कॅल्विन यांच्याकडे त्यांनी १९६२ मध्ये डॉक्टरेट पूर्ण केली. या विषयाची वैचारिक पायाभरणी तोवर होऊन गेली होती. आदिम समुद्रात साध्या संयुगांपासून गुंतागुंतीची संयुगे घडली असावीत, असे प्रतिपादन रशियात ओपारिन यांनी १९२४ मध्ये आणि इंग्लंडात हाल्डेन यांनी १९२९ मध्ये स्वतंत्रपणे केले होते. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले.) शिकागोला स्टॅनली मिलर यांनी १९५३ मध्ये मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ यांतून विद्युत ठिणग्या सोडून अमिनो आम्ले मिळवली, तेव्हा तर्काला प्रयोगाचे अधिष्ठान लाभले.

मिलर प्रथिनांच्या घटकांपाशी पोचले होते. पोन्नंपेरुमा यांनी न्यूक्लिक आम्लांचे, म्हणजे डीएनए आणि आरएनएचे, घटक हाती घेतले. मिथेन, अमोनिया आणि पाणी यांच्या मिश्रणावर इलेक्ट्रॉनांचा मारा केल्यावर ॲडेनिन हा त्यांपैकी एक घटक तयार होतो, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये दाखवले. त्याच वर्षी कार्ल सेगन आणि रूथ मरिनर यांच्यासह त्यांनी अतिनील किरणांच्या साहाय्याने एटीपी, म्हणजे पेशीत ऊर्जेची देवघेव करणारा रेणू, तयार केल्याचे प्रसिद्ध केले. त्यात वापरलेले फॉस्फेटचे संयुग आदिम पृथ्वीवर असण्याची शक्यता कमी, हा आक्षेप रास्त होता. एकंदरीत या पिढीच्या प्रयोगांत वायूंचे मिश्रण सोयीचे निवडले जाई. आरंभीच्या वातावरणात कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन यांचेच प्राबल्य असावे, असे आज अनेक जण मानतात.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत भक्कम भाग मला वेगळाच वाटतो. कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्रात रासायनिक उत्क्रांतीचा विभाग त्यांच्याकडे होता आणि चंद्रावरून येणाऱ्या मातीसाठी तेथे अत्यंत स्वच्छ प्रयोगशाळा सज्ज होती. अशात २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन गावाच्या परिसरात एक कार्बनयुक्त उल्का फुटून कोसळली आणि तिचे १०० किलोहून अधिक तुकडे गोळा झाले. उल्कांत सेंद्रिय द्रव्य सापडल्याचे दावे जुनेच होते, पण त्यांची अब्रू गेलेली होती. फ्रान्समध्ये १८६४ मध्ये पडलेल्या ऑर्गेय उल्केच्या एका तुकड्यात तर कोणीतरी एका वनस्पतीचे बी मुद्दाम डकवून ठेवल्याचे शंभर वर्षांनी उघड झाले. शिवाय माणसाच्या बोटांच्या ठशांतही अमिनो आम्ले असतात, हे १९६५ मध्ये दाखवले गेले होते. दगड नुसता हाताळला तरी तो बाटतो.

म्हणून पोन्नंपेरुमा यांच्या गटाने कमी भेगांचे तुकडे निवडले, त्यांच्या गाभ्यातला भाग घेतला आणि एकच प्रश्न विचारला: ही आम्ले डावी आहेत की उजवी? बहुतेक अमिनो आम्ले हातमोज्यांसारखी डाव्या आणि उजव्या अशा दोन रूपांत असू शकतात. सजीवांच्या प्रथिनांत केवळ डावे रूप आढळते. हाताचा घाम लागला असता तर डावे रूपच भरपूर निघाले असते. मर्चिसनमध्ये दोन्ही रूपे जवळपास समसमान निघाली, प्रथिनांत कधीच न आढळणारी काही अमिनो आम्लेही मिळाली, आणि कार्बनच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाणही पृथ्वीवरच्या सजीव द्रव्याशी जुळेना. प्रमाण दर ग्रॅममागे काही मायक्रोग्रॅम इतकेच होते, तरी कीथ क्वेनव्होल्डेन प्रथम लेखक असलेला डिसेंबर १९७० चा तो निबंध टिकला. पुढे १९९७ मध्ये त्याच उल्केतील काही विशिष्ट आम्लांत डाव्या रूपाचे किंचित आधिक्य आढळले आणि चर्चा पुन्हा रंगली. बेन्नू लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या नमुन्यांत मात्र दोन्ही रूपे पुन्हा जवळपास सारखीच असल्याचे २०२५ च्या जानेवारीत जाहीर झाले. कसोटी अजून तीच आहे.

पोन्नंपेरुमा १९७१ मध्ये मेरीलँड विद्यापीठात गेले, पण शिक्षणाविषयीची त्यांची तळमळ खरी फळाला आली ती १९८४ नंतर. श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांचे विज्ञान सल्लागार आणि कँडीच्या मूलभूत अभ्यास संस्थेचे संचालक म्हणून ते मायदेशाशी पुन्हा जोडले गेले. गरीब देशांनी उपयोजित विज्ञानापुरतेच पाहावे, हे त्यांना मान्य नव्हते. येथे बडोदेकराला सयाजीराव आठवणे स्वाभाविक आहे. पण साम्य ताणू नये. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेले कलाभवन (विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेला लोक आजही याच नावाने ओळखतात) हातांना कसब आणि पोटाला रोजगार देण्यासाठी होते, आणि त्यासाठी खजिन्यातून पैसा काढणे तुलनेने सोपे होते. उल्केतल्या अमिनो आम्लांवर पैसा का खर्चावा, हे विकसनशील देशाच्या सरकारला पटवणे कितीतरी अवघड. इटलीत त्रिएस्ते येथे पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी विकसनशील देशांतील संशोधकांसाठी उभारलेल्या केंद्रात पोन्नंपेरुमा यांनी १९९२ पासून ज्युलियन चेला-फ्लोरेस यांच्यासह रासायनिक उत्क्रांतीवर परिषदा भरवल्या. ओपारिन यांच्या जन्मशताब्दीनिमित्तची परिषद १९९४ मध्ये झाली आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला पोन्नंपेरुमा यांचे निधन झाले. परिषदा त्यांच्या पश्चातही भरत राहिल्या.