कॉम्प्रेसरला फिल्टर लावला म्हणजे पाणी येणारच नाही?

गाडीला स्प्रे मारणाऱ्यांमध्ये एक गोष्ट कायम फिरत असते, की कॉम्प्रेसरच्या (स्प्रे गनला दाबाची हवा देणाऱ्या मशीनच्या) तोंडाशीच वॉटर फिल्टर बसवा, मग रंगात पाण्याचा थेंब येणार नाही. ऐकायला पटतं, आणि फिल्टर तिथेच बसवायला सोपा पडतो म्हणून बरेच जण तेच करतात, पण तिथे तो निम्मं कामही करत नाही.

कारण असं की साधा फिल्टर फक्त थेंब पकडतो, वाफ नाही. कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा गरम असते, त्यामुळे पाणी वाफ होऊन आरामात फिल्टरमधून पुढे जातं आणि पाइपमध्ये हवा गार झाली की तिथे त्याचे थेंब होतात, म्हणजे फिल्टरच्या पुढे! आणि हे पाणी थोडंथोडकं नसतं. ३० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. ७ बारला (म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ७ बार जास्त दाबाला) दाबताना साधारण ८ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबली जाते, पण गार झाल्यावर त्यात वाफ मावते तेवढीच ३० ग्रॅम, बाकीचं सगळं पाणी.

स्वतः बघायचं असेल तर कॉम्प्रेसर १५-२० मिनिटं सलग चालवा, फिल्टरजवळचा पाइप हाताला गरम लागतो का बघा (जपून, चटका बसू शकतो), मग गनमधून नुसती हवा कोरड्या काचेवर मारा. बारीक थेंब दिसले तर फिल्टर लांब, पाइप गार लागतो तिथे न्या आणि टाकीतलं पाणी रोज काढा. उरलेल्या वाफेसाठी सिलिका जेलचा (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा) ड्रायर लागतो.