निळ्या पडद्यापासून सी++26 पर्यंत

दादरला दर रविवारी सकाळी माझी सी++ या प्रोग्रामिंग भाषेची बॅच असते. मागच्या पावसाळ्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी प्रॅक्टिकलचं जर्नल घेऊन आली. प्रोग्राम साधा होता: मूळ पगार 25000, भत्ते 15000, बेरीज छापायची. लॅबमधल्या मशीनवर उत्तर आलं होतं उणे 25536. "सर, बेरीज मायनस कशी येईल? मी तीनदा टाइप करून पाहिलं," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

तिचं काहीही चुकलं नव्हतं. लॅबमध्ये अजून टर्बो सी++ हा जुना कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारं साधन, होता, तोच निळा पडदा. बोरलँड कंपनीने तो 1990 मध्ये डॉस या जुन्या प्रणालीवर चालण्यासाठी काढला. त्यातला 'इंट', म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, 16 बिटांचा (बिट म्हणजे 0 किंवा 1 चं एक घर), म्हणजे त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या 32767. त्यापुढे एकने जरी गेलात तरी सगळ्यांत वरचा बिट पेटतो आणि तो बिट ऋणचिन्हाचा असतो. 40000 मधून 65536 वजा करा, उणे 25536 उरतात. घरच्या लॅपटॉपवर, आजच्या कंपायलरवर, तिच्याच प्रोग्रामने सरळ 40000 सांगितले.

या भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण, म्हणजे आयएसओ स्टँडर्ड, आलं 1998 मध्ये. तिचा कंपायलर त्याच्याही आठ वर्षं आधीचा. 'आयोस्ट्रीम डॉट एच', 'व्हॉइड मेन' ही आपल्याकडच्या जर्नलांत वर्षानुवर्षं उतरवली जाणारी रूपं तर कुठल्याच प्रमाणात बसत नाहीत. मुलं ती पाठ करतात, सही मिळते, आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कंपायलर त्यातल्या ओळी नाकारतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ती मुलं स्वतःलाच कमी समजायला लागतात.

मुळात भाषेला प्रमाण लागतं कशाला? ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप यांनी बेल लॅब्स या संशोधन संस्थेत 1979 ला सी भाषा वाढवायचं काम सुरू केलं, त्यातून आलेल्या भाषेला 1983 मध्ये सी++ हे नाव मिळालं. मग वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापले कंपायलर काढले आणि एकच ओळ एकीकडे एक तर दुसरीकडे भलताच अर्थ देऊ लागली. कुठल्या ओळीचा अर्थ काय, हे सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवायचं, ते प्रमाण. वेगवेगळ्या देशांच्या प्रमाण संस्था त्यावर मतदान करतात.

दुसरं मोठं प्रमाण यायला 13 वर्षं लागली. त्याला आधी लाडाने 'सी++0एक्स' म्हणत, 'एक्स'च्या जागी वर्षाचा शेवटचा आकडा येणार होता, कारण ते 2009 पर्यंत येईल अशी सगळ्यांना आशा होती. आलं 2011 मध्ये. त्यानंतर प्रमाण लिहिणाऱ्या समितीने ठरवलं की दर तीन वर्षांनी प्रमाण निघणार: 14, 17, 20, 23 आणि आता 26. समितीतले लोक या पद्धतीला 'ट्रेन मॉडेल' म्हणतात. मुंबईकराला ते समजावून सांगावं लागत नाही. गाडी वेळेवर सुटणार, तुमची सूचना फलाटावर पोचली नसेल तर पुढची गाडी.

'काँट्रॅक्ट्स'ची गाडी अशीच चुकली. ही सुविधा आधी सी++20 मध्ये घेतली होती, जुलै 2019 च्या बैठकीत काढून टाकली, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सी++26 च्या मसुद्यात पुन्हा आली. कल्पना सोपी आहे. समजा कर्जाचा हप्ता काढणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्राममधला एक तुकडा, आहे. महिन्यांची संख्या शून्यापेक्षा जास्त असलीच पाहिजे, ही अट फंक्शनच्या कपाळावरच लिहायची. भांडण पुढे आहे: अट मोडली तर काय करायचं? प्रोग्राम तिथेच थांबवायचा, नोंद करून पुढे जायचं, की दुर्लक्ष करायचं? मसुद्यात हे सगळे पर्याय आहेत आणि निवड प्रोग्राम बांधताना होते. म्हणजे नुसती ओळ वाचून ती अट पाळली जाणार की नाही हे कळत नाही. यावर खुद्द स्ट्राउस्ट्रप यांनीही आक्षेप नोंदवले आहेत, आणि मला ते पटतात. शिकणाऱ्याने लिहिलेली अट खरोखर तपासली जाईल, एवढा भरवसा त्याला मिळायला हवा.

याहून मोठा वाद मेमरीच्या सुरक्षिततेचा. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी 2019 मध्ये सांगितलं की त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे 70 टक्के मेमरीच्या चुकांतून येतात. क्रोम ब्राउझरच्या गंभीर त्रुटींतही प्रमाण साधारण तेवढंच निघालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, एनएसएने, 2022 मध्ये शक्य तिथे मेमरी सुरक्षित ठेवणाऱ्या भाषांकडे वळायचा सल्ला दिला.

ही चूक दिसते कशी? चाळीत दहा खोल्यांचा मजला आहे, क्रमांक 0 ते 9. तुम्ही क्रमांक 10 च्या खोलीत सामान ठेवायला सांगितलंत. जुन्या पद्धतीचा अ‍ॅरे, म्हणजे मेमरीतली अशी खोल्यांची रांग, हू की चू न करता भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात सामान टाकतो, आणि तिथे कुणाचा पासवर्ड ठेवलेला असू शकतो. सी++26 च्या मसुद्यात प्रमाण लायब्ररीसाठी, म्हणजे भाषेसोबत मिळणाऱ्या तयार साधनांसाठी, या भिंती तपासायची सोय आली आहे. सुरुवातीची किंमत न दिलेलं चल वाचलं तर वाट्टेल ते घडू शकत होतं, तेही आता आवरलं आहे.

जुनं सगळं टाकून नवं का करत नाहीत, असं मुलं विचारतात. पायथनने ते करून पाहिलं. तिसरी आवृत्ती डिसेंबर 2008 मध्ये आली आणि दुसरीचा आधार 1 जानेवारी 2020 ला संपला. अकरा वर्षं दोन्ही सांभाळावी लागली. सी++ मध्ये लिहिलेलं जुनं काम इतकं पसरलेलं आहे की समितीला ते मोडवत नाही.

म्हणून जुनं भाषेत राहणारच. शिकवताना आधी काय हातात द्यायचं, हे मात्र आपल्या हातात आहे. स्ट्राउस्ट्रप स्वतः 1999 पासून सांगत आहेत की सी++ ही सीची शेपटी म्हणून न शिकवता नवी भाषा म्हणून शिकवा. माझ्या ओळखीचे ज्येष्ठ शिक्षक म्हणतात, पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, आधी आला नाही तर मेमरी कळणारच नाही. मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे उपकरणांतल्या छोट्या चिपवर, काम करणाऱ्यांसाठी त्यांचं खरं आहे. पण आधी शिकलेलं हाताला चिकटतं. पॉइंटर आणि 'न्यू-डिलीट' (हाताने मेमरी मागणं आणि परत करणं) आधी शिकलेला मुलगा चौथ्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्येही 'डिलीट' लिहायला विसरतो, कारण आपली मेमरी आपणच परत करणारी यादी, 'व्हेक्टर', त्याला परकी वाटते.

मी क्रम बदलला. पहिल्या रविवारी व्हेक्टर आणि स्ट्रिंग (मजकूर), पॉइंटर सातव्या रविवारी, आणि तेव्हा तो पूर्ण दोन तास.

जर्नलवाली मुलगी पुढच्या रविवारीही आली. तिला दहा गुणांचा व्हेक्टर करायला सांगितला आणि क्रमांक तपासून देणारं 'अ‍ॅट' वापरून क्रमांक 10 मागायला लावला. प्रोग्राम थांबला, पडद्यावर एक ओळ आली: मागितलेला क्रमांक 10, आकार 10. तिने ती वाचली, बोटांवर शून्यापासून नऊपर्यंत मोजलं, आणि कुणी न सांगता 10 चा 9 केला.