क्लॉय आणि सेशिएट: मिठी बसणं वेगळं, पोट भरणं वेगळं

परवा तपासायला आलेल्या एका अनुवादात इंग्रजी 'क्लॉइंग' (गोडपणाचा अतिरेक होऊन नकोशा झालेल्या) अत्तराचा 'तृप्त करणारा सुगंध' झाला होता. अर्थ नेमका उलटा. ही चूक मी इतक्यांदा खोडली आहे की आता एकदा नीट लिहूनच काढते.

इंग्रजी 'सेशिएट', म्हणजे तृप्त करणं, तुम्हाला ठाऊक आहे. लॅटिन 'सातिस' म्हणजे पुरेसं. 'सॅटिस्फाय' आणि 'सॅच्युरेट' ही त्याचीच भावंडं. भूक भागली, पोट भरलं. अति झालं तर त्यातही वीट येतो, पण हिशोब भुकेचाच. (इंग्रजी 'सॅड'ही याच कुळातला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'पोट भरलेला' असा होता. उदास तो फार नंतर झाला.)

घोळ होतो 'क्लॉय'चा, आणि तो होऊ नये, कारण मराठीत त्याला नेमका शब्द आहे: मिठी बसणं. बासुंदीची तिसरी वाटी संपते आणि तोंडाला मिठी बसते. पोटात जागा असते, पानात मसालेभात असतो, पण गोडाचा आणखी एक घोट म्हटलं की अंगावर काटा येतो. लोणच्याची फोड चाटली की जीभ सुटते आणि जेवण पुढे सरकतं. जिलबीसोबत मठ्ठा वाढतात तो याचसाठी. ज्याचं पोटच भरलंय त्याला लोणचं देऊन काय उपयोग? शिवाय मिठी बसायला पदार्थ आधी आवडीचा लागतो. कारल्याने कुणी क्लॉय होत नाही.

म्हणजे क्लॉयमध्ये भरण्यापेक्षा अडकणं महत्त्वाचं, आणि ते थेट मुळातून आलंय. लॅटिन 'क्लावुस' म्हणजे खिळा. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'आंक्लोए', म्हणजे खिळा ठोकणं, आणि इंग्रजीत आधी 'अक्लॉय', मग नुसतं 'क्लॉय'. हा शब्द घोड्याच्या खुराबाबत वापरत. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी, तिला वेदना नाही. नालबंदाने खिळा बाहेरच्या बाजूला वळता ठोकला तर तो त्या भिंतीतूनच वर निघतो. जरा आत वळला की जिवंत मांसात रुततो आणि घोडा लंगडतो. घोडा 'क्लॉय' झाला तो असा. तोफेच्या कान्यात, म्हणजे बत्ती द्यायच्या छिद्रात, खिळा मारून ती निकामी करण्यालाही हेच क्रियापद होतं. खिळ्यावरून अर्थ आला वाट बुजण्यावर, आणि तिथून जिभेवर. (लवंगेचा 'क्लोव्ह'ही या खिळ्यातूनच निघाला, लवंग हातात घेऊन पाहा.) 'क्लॉग'शी (तुंबणं) मात्र याचं नातं लावू नका, तो मुळात लाकडाचा ओंडका.

अजूनही दोन्ही एकच वाटत असतील तर शेक्सपिअरचं 'अँटनी अँड क्लिओपात्रा' उघडा, 1623 च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या संग्रहात, छापलेलं. अँटनीचा साथीदार एनोबार्बस क्लिओपात्राबद्दल म्हणतो की इतर स्त्रिया ज्या भुकेला भरवतात तिलाच 'क्लॉय' करतात, ही मात्र जिथे सर्वांत जास्त 'सॅटिस्फाय' करते तिथेच भूक जागवते. तृप्ती आहे आणि मिठी नाही. दोन्ही क्रियापदांचं 'तृप्त करणे' केलंत तर या वाक्यात काही उरतच नाही.

त्या अनुवादात मी 'डोकं उठवणारा गोडमिट्ट वास' असं लिहून पान पुढे पाठवलं.