एबीएस की नायलॉन? जुन्या आरसी बग्गीचा तोच भाग पुन्हा पुन्हा तुटतो तेव्हा

जुन्या रिमोटच्या बग्गीचा एकच भाग सारखा तुटू लागला की बहुतेक जण आणखी जालीम ग्लू शोधतात, नाहीतर थेट धातूचा भाग मागवतात. त्याआधी तो भाग एबीएस या कडक प्लास्टिकचा आहे की नायलॉन या लवचिक प्लास्टिकचा, हे बघायला हवं. काळ्या रंगात दोन्ही सारखीच दिसतात, पण एकाचा इलाज दुसऱ्याला बाधतो.

१९८४ साली आलेल्या दोन गाड्या घ्या. जपानच्या तामियाच्या हॉर्नेटची टबासारखी चेसिस एबीएसची. अमेरिकेतल्या टीम असोसिएटेडच्या आरसी१० ची चेसिस ॲल्युमिनियमची, पण सस्पेन्शन आर्म, म्हणजे चाकांना चेसिसशी जोडणारे हलते दांडे, नायलॉनचे.

नुसत्या तुटलेल्या कडेवरून ओळखायला जाल तर फसाल. ताजं नायलॉन तुटण्याआधी वाकतं, ताणलं जातं. सुकलेलं नायलॉन मात्र एबीएससारखंच काडकन मोडतं. खात्रीची परीक्षा ॲसिटोनची. आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला एक थेंब टाका. एबीएस चिकट होतं, नायलॉनला काहीच होत नाही. (खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास ज्योत नको.)

एबीएसची दुरुस्ती याच गुणावर चालते. सुपरग्लूचा सांधा कडक असतो, पुढच्या उडीत तो पुन्हा उघडतो. त्याऐवजी भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मग एबीएसचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून ती पेस्ट भेगेत भरा, मागून पट्टी लावा आणि निदान एक दिवस हात लावू नका. भेगा स्क्रूच्या भोकांभोवतीच पडत असतील तर थ्रेडलॉकरवर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायच्या द्रवावर, संशय घ्या. तो धातूत धातू बसवण्यासाठी असतो. ताणाखालच्या एबीएसला त्याने तडे जातात. मोटर साफ करायचे काही स्प्रेही तेच करतात. कारण तसंच राहिलं तर नवी चेसिसही त्याच जागी फुटेल.

नायलॉनला हवं पाणी. हे प्लास्टिक हवेतला ओलावा शोषतं आणि त्यावरच त्याची लवचिकता टिकते. कोरड्या माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेले आर्म, किंवा पाकिटातून नुकतेच काढलेले नवे आर्मसुद्धा, पंधरा-वीस मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून त्याच पाण्यात थंड होऊ द्या. चिवटपणात फरक जाणवतो. एबीएसवर हा प्रयोग कधीही करू नका, ते साधारण शंभर अंशांच्या आसपास मऊ पडून वेडंवाकडं होतं. उन्हाने आणि वयाने जीर्ण झालेलं नायलॉन मात्र उकळूनही सुधारत नाही, आणि त्यावर ग्लूही धड धरत नाही. तिथे नवा भाग हाच मार्ग.

तो नवा भागही मी नायलॉनचाच घेईन. आर्मने वाकून धक्का पचवायचा असतो. ॲल्युमिनियमचा आर्म लावला की तोच धक्का पुढे बल्कहेडवर (आर्म ज्याला जोडलेले असतात तो भाग) आणि गिअरबॉक्सवर जातो, आणि ते भाग शोधायला जास्त अवघड व महागही असतात.