मोरोक्कोच्या सुलतानाची स्वारी : पूर्वरेखाटने

फ्रेंच स्वच्छंदतावादी चित्रकार अझेन दलाक्र्वा (१७९८–१८६३) याने सुलतान मुलाय अब्द अर्-रहमान याच्या स्वारीच्या चित्राआधी केलेली रेखाटने. त्यांतून साकारलेले भव्य तैलचित्र (सुमारे पावणेचार मीटर उंच) १८४५ साली पॅरिसच्या सालों प्रदर्शनात मांडले गेले. आज ते तूलूझच्या ऑग्युस्तँ संग्रहालयात आहे.

फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीअर्स घेतले आणि शेजारच्या मोरोक्कोशी बोलणी करणे त्याला भाग पडले. त्यासाठी जानेवारी १८३२ मध्ये निघालेल्या शार्ल द मॉर्नेच्या शिष्टमंडळात दलाक्र्वाही होता. मेकनेस येथे २२ मार्चला सुलतानाची भेट झाली. त्या प्रसंगाचे त्याने वहीत टिपण केले आहे. करडा घोडा, शेजारी छत्र धरलेला माणूस, हे सारे त्यात येतेच. शिवाय सुलतान आपल्या राजासारखा, लुई फिलिपसारखा दिसतो, फक्त वयाने लहान, असा मिश्कील शेराही आहे. प्रवासात रंग भरायला सवड नसे. म्हणून घाईच्या रेघांशेजारी तो रंगांची नावेच लिहून ठेवी. अशी पाने अर्धी पाहायची, अर्धी वाचायची.

वही ते चित्र या वाटेत तेरा वर्षे गेली आणि मधल्या काळात चित्राचा विषयच बदलला. दीजाँ येथील आरंभीच्या छोट्या तैलखर्ड्यात मॉर्ने सुलतानासमोर हजर आहे. म्हणजे तो दरबारी भेटीचा प्रसंग आहे. अखेरच्या चित्रात एकही फ्रेंच माणूस नाही. ऑगस्ट १८४४ मध्ये इस्लीच्या लढाईत फ्रेंचांनी मोरोक्कोच्या सैन्याचा पराभव केला होता. त्यानंतर स्नेहभेटीचे चित्र विसंगतच दिसले असते. कारण राजकीय असो वा नसो, चित्राचा मात्र फायदाच झाला. पाहुणे गेले, तटाची भिंत उंच झाली आणि हिरव्या छत्राखालचा घोडेस्वार एकटा उठून दिसू लागला. छत्र हे तेथेही राजपदाचे चिन्ह, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

अनोळखी गर्दी म्हणून मात्र दलाक्र्वाने कोणाला सोडले नाही. सालोंच्या पुस्तिकेत सुलतानाजवळच्या अधिकाऱ्यांची नावे दिली आहेत; त्यांपैकी मुख्तार हा त्याचा मर्जीतला मंत्री. याच विषयाकडे तो १८५६ आणि १८६२ मध्ये पुन्हा वळला. मोरोक्कोतील त्याच्या वह्यांपैकी काही लूव्हरमध्ये, तर एक शाँतियीच्या काँदे संग्रहालयात आहे.